मास्तरांचं अभय

काहीही सांगायचं असलं, की मास्तर आधी पायातली वहाण काढायचे, अंगठ्याने मातीत एक आडवी रेघ ओढायचे आणि रेघेच्या मागे उभे राहून बोलायला लागायचे. विषय शाळेच्या घंटेचा असो, नाहीतर घरातली डाळ संपल्याचा असो. समोरचा माणूसही नकळत पुढे होऊन त्या रेघेपाशी उभा राही. "हां," मास्तर म्हणत, "आता दोघं एका जागेवरून निघालो. बोला."

जव्हारला दरबारच्या शाळेत ते ड्रिल मास्तर होते आणि मी मराठी न् गणित शिकवत होतो. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, तेव्हा इथेही ते नुसते मास्तरच राहू देत. उंच, काटकुळे, गळ्यात कायम शिट्टी. झोपतानाही ती काढत नाहीत, अशी त्यांच्या घरची तक्रार होती. मी मुळातच बैठा माणूस. "तुम्ही खुर्चीसकट जन्माला आलात," असं ते मला चारचौघांत म्हणायचे आणि मला त्याचा राग यायचा नाही, कारण ते खरं होतं.

प्रत्येक शाळेत एक वेडा मास्तर असतो. तुमच्याही असेल, आठवून बघा. आमच्या मास्तरांचं वेड ऑलिंपिकचं होतं. ग्रीस देश कुठल्या दिशेला आहे हे आम्हा बाकीच्यांना नकाशा पाहून सांगावं लागलं असतं, पण मास्तर तिथल्या मैदानातून नुकतेच घाम पुसत आल्यासारखे बोलायचे. मुखपृष्ठ नसलेलं एक इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं. धावणं, भालाफेक, कुस्ती हे सगळं त्यांना पाठ होतं, पण जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. खेळांच्या आधी तिथले दूत डोक्यावर पानांची माळ घालून गावोगाव फिरत आणि अभय पुकारत. खेळांना येणाऱ्याला वाटेत कुणी अडवायचं नाही, परत जाणाऱ्यालाही नाही. मग तो वैऱ्याच्या गावचा का असेना.

"आणि मग दवंडी पिटली!" मास्तर सांगायचे. प्रत्येक वेळी अशा आवाजात, जणू ढोल त्यांच्याच गळ्यात होता.

पहिलं मोठं युद्ध संपल्यावर बेल्जियममध्ये पुन्हा ऑलिंपिक भरलं आणि आपल्याकडचीही काही माणसं तिकडे धावायला गेली, हे आम्हाला मुंबईच्या पेपरातून कळलं. पेपर जव्हारला शिळा होऊनच यायचा. मास्तरांनी तो शाळेच्या ओट्यावर मोठ्यांदा वाचला. लढाईत भाजून निघालेल्या गावाने खेळ भरवले, याचं त्यांना कोण कौतुक! मग खाली एक ओळ होती. युद्धात हरलेल्या देशांना बोलावणं नव्हतं. मास्तरांनी पेपराची घडी घातली. त्या दुपारी ते जेवले नाहीत.

"जिंकलेल्यांनी जिंकलेल्यांना बोलवायचं, तर ते घरचं हळदीकुंकू झालं," संध्याकाळी ते मला म्हणाले. "ज्याला यायची भीती वाटते, त्याच्यासाठी अभय असतं हो. बाकीचे काय, असेही येतात."

आणि मग त्यांनी रेघ ओढली. मला वाटलं, आता डाळीचं काहीतरी असेल. ते म्हणाले, "आपण भरवू."

"काय?"

"खेळ. जव्हारला. आंतरराष्ट्रीय."

मी हसलो. ते हसले नाहीत. धरमपूरचं राज्य वेगळं की नाही? सुरगाण्याचं वेगळं? आपलं वेगळं? तीन राष्ट्रं तर झालीच. शिवाय मोखाडा. जव्हारच्या शेजारी, पण आमच्या संस्थानात नाही. तो खालसा मुलूख, म्हणजे थेट इंग्रजांचा. तेव्हा मोखाड्याची पोरं येतील ती ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने. मास्तर हे अगदी गंभीरपणे सांगत होते. आता मोखाड्याचे नाचणी पेरणारे लोक अख्ख्या साम्राज्याच्या वतीने लंगोट कसतील, या कल्पनेने मला रात्रभर हसू येत होतं. माझं अक्षर बरं, म्हणून मला सेक्रेटरी करण्यात आलं.

दरबारची मंजुरी आली. कशी आली ते मला आजही कळलेलं नाही. अभयाची दवंडीही मान्य झाली, सामन्यांपुरती. खर्च मात्र मैदानावर करायचा नाही, असं दिवाणसाहेबांनी बजावलं.

म्हणून मग ती आली.

गावाच्या कडेला राहणारी, पन्नाशीची, कोयत्यासारखी वाकलेली बाई. भात झोडायची खळी करून देणाऱ्या बायकांची ती म्होरकी. माती ओली करायची, ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी ती बडवायची, वर शेणाचा हात फिरवायचा, की जमीन अशी होते की सांडलेला दाणा न् दाणा वेचता यावा. मास्तरांनी तिला गावाबाहेरचा माळ दाखवला आणि दोरीने आखलेलं भलंमोठं कडं दाखवलं.

"येवढा खळा?" ती म्हणाली. "भात कोनाचा झोडायचा?"

"भात नाही. माणसं पळणार यावर."

"गोल गोल? आन् जायची कुठं?"

"कुठं नाही. निघाली तिथंच परत येणार."

तिने मास्तरांकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि चोपणी उचलली. ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. महाराज समोर असते तर त्यांनाही म्हणाली असती. कामाची एकच अट तिने घातली. खळ्यावर पायताण चालत नाही, पाय धुवूनच चढायचं. मास्तर खूश झाले. ग्रीकही अनवाणीच धावत, असं त्यांनी ताबडतोब जाहीर केलं. ते आणखीही पुष्कळ गोष्टींवाचून धावत, हे त्याच पुस्तकात होतं, पण ते मास्तरांनी बायकांसमोर सांगितलं नाही.

एक दिवस काम चालू असताना ते तिला अभयाची गोष्ट सांगत होते. तिची चोपणी थांबली.

"येनाऱ्याला धरीत नाय?"

"नाही."

"कोनालाच नाय? रानाच्या शिपायानं नाव लिवलेला असला तरी?"

तेव्हा मास्तरांना कळलं. मला आधीपासून माहीत होतं, गावातल्या बहुतेकांना होतं. तिच्या पोराने घराच्या आढ्यासाठी एक झाड तोडलं होतं. जंगलचा रखवालदार आला, बाचाबाची झाली, पोराने कुऱ्हाडीचा दांडा मारला आणि तो पळाला. हद्दीपार, मोखाड्याच्या बाजूला गेला म्हणत. इथे त्याच्यावर पकड वॉरंट होतं. त्या वेळच्या कुणा अंमलदाराने आईला जामीन धरलं. तिने गाव सोडायचं नाही. सोडलं तर आहे तो जमिनीचा तुकडा जप्त. मोखाडा म्हणजे सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचावं इतकाच लांब. पण तिने पोराला पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तो तिथे आहे की नाही हेसुद्धा तिला धड ठाऊक नव्हतं.

"मास्तर, तुजी दवंडी तिकडं आयकू जाईल?"

"जाईल. मोखाड्याच्या बाजारात पिटणार आहेत."

"मंग यील तो."

मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. ओल्या शेणावर त्यांनी हात ठेवला. "येऊ दे. कुणी हात लावणार नाही. माझा शब्द."

त्या दिवसापासून ते मैदान तिने नुसतं केलं नाही, राखलं. बाकीच्या बाया घरी गेल्या तरी ती कड्याभोवती फिरत असायची, कुठे भेग दिसली की बसायची. आमच्या मुलींच्या लग्नात आम्ही जेवढी अंगणाची काळजी घेतली नसेल, तेवढी तिने त्या मातीची घेतली.

दिवाळीनंतर सामने झाले. थंडी पडली होती, सकाळी माळावर धुकं. धरमपूरवाले खिळ्यांचे बूट घेऊन आले होते आणि ते काढायला सांगितल्यावर फुगून बसले. मास्तरांनी त्यांना ग्रीक गोष्ट सांगून उठवलं. साम्राज्याचं निशाण आमच्या शिंप्याने ऐकीव माहितीवर शिवलं होतं, ते लांबून गोधडी वाळत घातल्यासारखं दिसायचं. मोखाड्याच्या पोरांना त्याचं काहीच वाटलं नाही. मैदानाच्या तोंडाशी ती घडा घेऊन बसली होती. येईल त्याच्या पायावर पाणी घालायची आणि मान वर करून एकेकाचा चेहरा पाहायची.

मोखाड्याचे सगळे पाय धुवून आत गेले. शेवटच्याच्या पायावर पाणी घालताना तिने पोराचं नाव घेऊन विचारलं. मी शेजारीच नावं लिहीत बसलो होतो.

"हाय की," तो म्हणाला. "आमच्यासंगंच निघाला व्हता. रस्सीखेचीचा दोर त्याच्याच खांद्यावर. हद्दीच्या दगडापावेतो आला, आन् बसला."

"बसला? का?"

"म्हनला, तुमी व्हा पुढं. त्यांच्या बोलन्यावर माजा भरवसा नाय."

तिने घडा खाली ठेवला. मास्तर शिट्टी तोंडात धरून पहिली शर्यत सोडायच्या बेतात होते. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि ऐकलेलं सगळं तिने सांगितलं. मास्तरांच्या तोंडातली शिट्टी सुटून छातीवर आली.

"मी जाऊ दगडापावेतो?" तिने विचारलं. "माजा जामीन हाय."

"जा," मास्तर म्हणाले. "अभय येणाऱ्याला आहे तसं जाणाऱ्यालाही आहे. नाक्यावर अडवलं तर सांग, सामने चालू आहेत."

ती गेली. शर्यती झाल्या, कुस्त्या झाल्या, तिरंदाजीत आमच्या माणसांनी सगळ्यांना धुतलं. लोक म्हणाले, जव्हारात असं काही झालं नव्हतं. मास्तरांचं लक्ष मात्र मोखाड्याच्या वाटेकडे होतं. विजेत्याच्या डोक्यावर पानांचं कडं घालायचं ते त्यांनी एकदा चुकून हरलेल्याच्या डोक्यावर घातलं आणि तो बिचारा दिवसभर ते मिरवत फिरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्सीखेचीसाठी सगळे खोळंबून बसले होते, कारण दोर नव्हता. तेव्हा ती आली. एकटी. डोक्यावर दोराचं वेटोळं होतं.

"दगडावर ठेवून गेला व्हता," ती म्हणाली. "नीट गुंडाळून. मी पोचली तवा कोनी नव्हता."

मास्तरांनी दोर घेतला. रस्सीखेच झाली, मोखाडा जिंकला, ब्रिटिश साम्राज्याचा जयजयकार झाला. मी मास्तरांना पहिल्यांदाच पाठमोरं, खांदे पाडून उभं राहिलेलं पाहिलं.

त्या सामन्यांबद्दल नंतर कुणी त्यांची स्तुती केली की ते म्हणायचे, "कसले सामने! ज्याला बोलवायचं तो दगडापाशी बसून राहिला." मी समजूत घालायचो. त्याने दरबारावर भरवसा ठेवला नाही, त्यात तुमचं काय चुकलं? त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं. "दवंडीत माझा शब्द होता हो. तो त्याला ऐकू गेला नाही."

पुन्हा सामने भरले नाहीत. पुढच्या वर्षी पीक बुडालं, मग दरबारात सुतक आलं, मग विषयच मागे पडला. ऑलिंपिक तिकडे पॅरिसला झालं, अॅम्स्टरडॅमला झालं. मास्तर पेपर वाचायचे आणि मला न दाखवता घडी घालून ठेवायचे. आणि दर वर्षी भात घरी आला, की ती शाळेच्या ओट्यापाशी येऊन उभी राहायची.

"मास्तर, औंदा हाय का खेळ?"

"औंदा नाही, बाय."

"बरा." जाता जाता म्हणायची, "खळा तयार हाय पन."

खरंच तयार असायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मजुरी देत नव्हतं. पावसाने उखणलेलं ते एवढं मोठं कडं ती एकटी बसून चोपायची, सारवायची. मी तिकडे फिरायला जाणं सोडून दिलं. बघवत नसे.

मग एका वर्षी ती विचारायला आली नाही. चोपणीवाल्या बायकांनी सांगितलं, अंथरुणाला खिळली आहे, आता उठायची नाही. मास्तर तिच्या खोपटात जाऊन आले. परत आले ते सरळ माझ्या वर्गात, मुलं बसलेली असताना. वहाण काढायलाही विसरले.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "सामने जाहीर करायचेत."

"मंजुरी?"

"मागितली तर महिना जाईल. तिच्याकडे महिना नाही."

मी त्यांना पुष्कळ सांगितलं. नोकरी जाईल म्हटलं. बायकामुलं आहेत म्हटलं. ते ऐकत होते, पण तेवढ्यापुरतेच. दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेचा ढोल गळ्यात अडकवून आणि डोक्याला आंब्याच्या डहाळ्या बांधून ते मोखाड्याच्या वाटेला लागले. पुस्तकातल्या दुतासारखे ते अजिबात दिसत नव्हते, मुहूर्त चुकलेल्या नवरदेवासारखे दिसत होते. त्यांना ढोलही धड वाजवता यायचा नाही.

तिथे काय झालं ते मला मोखाड्याच्या माणसांकडूनच कळलं. बाजारात मास्तर ढोल बडवत उभे राहिले. लोक हसले, पोरं मागे लागली. मास्तरांनी सांगितलं, जव्हारला सामने आहेत, येणाऱ्याला अभय आहे. कुणीतरी विचारलं, कुणाचं, दरबाराचं? मास्तर म्हणाले, "नाही. दरबाराला ठाऊकसुद्धा नाही. माझं आहे. मी एक ड्रिल मास्तर आहे. धरलं तर आधी मला धरतील." मग त्यांनी ढोल खाली ठेवला आणि तिच्या पोराचं नाव घेऊन सांगितलं, आई वाट बघते आहे, उशीर करू नको.

गर्दीतून एक माणूस पुढे आला. आता तो पोर कुठला, डोक्यावर पांढरे केस आलेले. त्याने मास्तरांकडे बराच वेळ पाहिलं. मग ढोल उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

नाक्यावर शिपायाने अडवलं. मास्तर म्हणाले, "सामने चालू आहेत. हा मोखाड्याचा खेळाडू." पांढऱ्या केसांचा तो खेळाडू बघून शिपाई चक्रावला असणार, पण मास्तरांनी त्याच्या पोराला शाळेत कवायत शिकवली होती. त्याने बांबू वर केला.

मी खोपटाच्या दाराशी होतो. ती डोळे मिटून पडली होती. तो वाकून आत गेला, तिच्या उशाशी बसला. तिने डोळे उघडले, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "दोर कुठं टाकून आला आता?"

तो हसला आणि त्याच हसण्यात रडायला लागला. मास्तर बाहेर येऊन भिंतीला टेकले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गंमत म्हणजे, दवंडी खरी मानून दोन दिवसांत मोखाड्याची बरीच पोरं धावायला हजर झाली. त्यांना परत कसं पाठवणार? आमची शाळकरी मुलं त्यांच्यासमोर उभी केली आणि सामने खरोखरच घ्यावे लागले. आता बोभाटा झालाच. दिवाणसाहेबांनी मास्तरांना बोलावलं. माणूस तसा वाईट नव्हता. त्यांनी सांगितलं, आज सामने संपल्याचं जाहीर करा, मी काही पाहिलं नाही असं समजतो. मास्तर म्हणाले, आज लांब उडी बाकी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, लांब उडीचा निकाल वादात आहे. तिसऱ्या दिवशी ती गेली. पोराने तिला खांदा दिला, जव्हारच्या मातीत, दिवसाढवळ्या, आणि कुणी त्याला हात लावला नाही.

तेरावा होईपर्यंत लांब उडीचा निकाल वादातच राहिला. मग दिवाणसाहेबांचाही नाइलाज झाला. सामने बंद झाल्याची दवंडी तरी द्या, नाहीतर राजीनामा द्या, असा निरोप आला. मास्तरांनी राजीनामा दिला.

"दवंडी द्यायला काय हरकत होती?" मी विचारलं. बैलगाडीत त्यांचं सामान चढत होतं. "तो तर केव्हाच सुखरूप परत गेला."

"तिचं वर्षश्राद्ध आहे," मास्तर म्हणाले. "जमिनीचा तुकडा आहे. त्याला यावंसं वाटेल की नाही?"

घाटावर कुठल्याशा शाळेत त्यांना नोकरी लागली असं ऐकलं. मग तिथूनही गेले असं ऐकलं. मी दोनदा चौकशी केली, माग लागला नाही. त्यांच्या जागी आलेला माणूस चांगला होता, मुलं त्याला घाबरायची. सामने संपल्याची दवंडी त्यानेही कधी दिली नाही. मला मात्र आजही कुणी काही सांगायला लागलं की मी खाली त्याच्या पायांकडे बघतो.

गेल्या ज्येष्ठात मी नाक्यावर गाडीची वाट बघत उभा होतो. मोखाड्याच्या बाजूने एक म्हातारा आला, बरोबर सून, दोन नातवंडं, डोक्यावर बियाण्याची पाटी. शिपाई नवा होता. त्याने बांबू आडवा केला आणि दरडावून विचारलं, "कुठं निघालात रे?"

म्हाताऱ्याने पाटी खाली ठेवली नाही की आवाज खाली आणला नाही. "सामन्याला," तो म्हणाला.

जुन्या शिपायाने आतूनच ओरडून सांगितलं, "सोड, सोड. चालू आहेत." सगळी आत आली आणि तिच्या शेताच्या वाटेला लागली. मी तिथेच उभा राहिलो, गाडी आली तरी मला कळली नाही. हे ऐकायला मास्तर हवे होते हो.